पदकाआधीचा पैसा

बीएमएक्स हे नाव आपल्याकडच्या घरांत शिरले ते सायकलीच्या दुकानातून. लहान चाके, रुंद हँडल आणि हँडलच्या आडव्या दांडीला गुंडाळलेला फोमचा पट्टा, अशी ती सायकल सोसायटीच्या आवारात, खडीच्या ढिगांवरून धडधडत जाताना अनेकांनी पाहिली असेल. काहींनी तिच्या दुरुस्तीची बिलेही भरली असतील. पण या सायकलीवर जगज्जेते ठरतात, २००८च्या बीजिंग ऑलिंपिकपासून तिच्या शर्यतीला सुवर्णपदक आहे आणि काही तरुण-तरुणींचा तो पूर्णवेळ पेशा आहे, असे सांगितले की माझ्या वयाची माणसे अजूनही थोड्या अविश्वासाने बघतात. त्यांचा पुढचा प्रश्न ठरलेला असतो. ‘पण याला पैसा देतो कोण?’

आयुष्यातली तीसहून अधिक वर्षे बँकेत काढल्यामुळे मला हा प्रश्न अरसिकपणाचा वाटत नाही. उलट कोणत्याही खेळाविषयी विचारण्यासारखा तो पहिला प्रश्न आहे, असे माझे मत आहे. पैसा कोणी दिला, कधी दिला आणि काय बघून दिला, या तीन गोष्टी कळल्या की खेळाडूची निम्मी कहाणी कळते. बीएमएक्सच्या बाबतीत तर ती जवळजवळ सगळीच कळते.

आधी शर्यत काय असते ते थोडक्यात सांगतो. सुमारे आठ मीटर उंचीच्या उतारावर एका फाटकाला चाक टेकवून आठ स्पर्धक उभे राहतात. फाटक नेमक्या कोणत्या क्षणी पडणार हे कोणालाच ठाऊक नसते. सूचना संपल्यानंतरचा अवधी दर वेळी वेगळा ठेवलेला असतो. फाटक पडले की पहिल्या उतारालाच वेग ताशी साठ किलोमीटरच्या घरात जातो. पुढे मातीचे उंचवटे, हवेतल्या उड्या आणि तिरप्या भिंतींची वळणे. सायकलीला गिअर एकच आणि ब्रेक फक्त मागच्या चाकाला. वीस इंची चाकांवरची ही आठ माणसे एकमेकांच्या कोपरांना कोपरे लावून धावतात आणि मिनिटाच्या आत सगळे संपते. एखाद्याचे चार वर्षांचे काम पहिल्या वळणावर, दुसऱ्याच कोणाच्या तरी चुकीने मातीत जाते.

या खेळाचा जन्म मुलांनी दिला, हे त्याचे वैशिष्ट्य. १९७०च्या सुमारास दक्षिण कॅलिफोर्नियातल्या मुलांना मोटोक्रॉसचे, म्हणजे मातीतल्या मोटरसायकल शर्यतीचे वेड होते. मोटरसायकल परवडत नव्हती, म्हणून त्यांनी श्विन कंपनीच्या ‘स्टिंग-रे’ सायकली घेऊन तोच खेळ सुरू केला. लाँग बीच शहरात स्कॉट ब्राइटहॉप्ट नावाच्या शाळकरी मुलाने शर्यती भरवायला सुरुवात केली. स्वतः मोटरसायकलवर मिळवलेल्या ट्रॉफ्याच त्याने बक्षीस म्हणून वाटल्या, असे सांगतात. याच मोठा झालेल्या मुलाने पुढे सायकलींची कंपनी काढली.

इथला पहिला प्रायोजकसुद्धा बाप होता. साध्या सायकलींच्या चौकटी उड्या मारून मोडू लागल्या, तेव्हा गॅरी टर्नर या कारागिराने आपल्या मुलासाठी क्रोममॉली पोलादाच्या नळ्या जोडून चौकट तयार केली. ती टिकली. मग इतरांच्या मुलांसाठी केल्या. १९७९ साली रिचर्ड लाँग या दुकानदाराच्या भागीदारीत त्यातूनच ‘जीटी’ ही कंपनी उभी राहिली. बॉब हॅरो हा तरुण सायकलीच्या पुढे लावायच्या नंबरांच्या पाट्या बनवता बनवता कारखानदार झाला. या कंपन्यांना आपला माल विकण्यासाठी दूरदर्शनवरच्या जाहिराती परवडत नव्हत्या. त्यांची जाहिरात म्हणजे जिंकणारा पोरगा. अशी प्रायोजकत्वाची उतरंड तयार झाली. सगळ्यांत खाली गल्लीतले सायकलवाले. ते एक जर्सी देत आणि टायर-ट्यूब स्वस्तात. त्यावर एखादी कंपनी सायकल फुकट देई. सगळ्यांत वर ‘फॅक्टरी टीम’. तिथे प्रवेश शुल्क, प्रवासखर्च आणि मोजक्यांना पगार. वरच्या पायरीवर जायला जिंकावे लागे, आणि जिंकण्यासाठी जो प्रवास व सराव लागतो त्याचा पैसा वरच्या पायरीवरच मिळे.

हा पेच आजही सुटलेला नाही. ऐंशीच्या दशकाच्या मध्यावर अमेरिकेतली बीएमएक्सची लाट ओसरली, तेव्हा कंपन्यांनी आधी संघांचा खर्च छाटला. त्यात कंपन्यांची नीतिमत्ता काढण्याचे कारण नाही. प्रायोजक हा आश्रयदाता नसतो. तो जाहिरात विकत घेणारा गिऱ्हाईक असतो. दोष आपला आहे. आपण त्याला उगाच आश्रयदाता समजतो आणि मग ‘असतील शिते तर जमतील भुते’ म्हणून कपाळाला हात लावतो.

सरकारी पैसा तरी वेगळा असेल, असे वाटणे साहजिक आहे. त्या बाबतीत मला बेथनी श्रीव्हर या इंग्लिश मुलीची कारकीर्द फार बोलकी वाटते. १९९९ सालचा तिचा जन्म. एसेक्स परगण्यातल्या ब्रेनट्रीच्या क्लबात ती लहानपणी सायकल शिकली आणि २०१७ साली अमेरिकेत रॉक हिल येथे कनिष्ठ गटातली जगज्जेती झाली. अठरा वर्षांच्या मुलीसाठी यापेक्षा चांगले प्रमाणपत्र कोणते? पण नेमक्या त्याच सुमारास ब्रिटनच्या क्रीडानिधीची वाटणी करणाऱ्या ‘यूके स्पोर्ट’ या संस्थेने टोकियो ऑलिंपिकच्या तयारीसाठीचा बीएमएक्स शर्यतीचा पैसा फक्त पुरुषांना द्यायचा असे ठरवले. महिलांकडून पदकाची पुरेशी आशा त्यांना दिसली नाही.

बेथनी आईवडिलांच्या घरी राहून सराव करू लागली. अर्धवेळ शिक्षक-मदतनीस म्हणून लहान मुलांना सांभाळण्याची नोकरी तिने धरली. सकाळी व्यायाम, मग मुले, मग ट्रॅक. ऑलिंपिकला पात्र ठरायचे तर देशोदेशीच्या शर्यतींत गुण मिळवावे लागतात, आणि विमानाची तिकिटे गुणवत्तेवर मिळत नाहीत. शेवटी तिने लोकांपुढे हात पसरले. ५० हजार पौंडांची गरज आहे असे सांगून इंटरनेटवरून वर्गणीचे आवाहन केले. अनोळखी माणसांनी जमेल तसे पैसे घातले. तिची कामगिरी चढती राहिली आणि पुढे ‘ब्रिटिश सायकलिंग’ या राष्ट्रीय संघटनेने तिला पुन्हा आपल्या पंखाखाली घेतले.

३० जुलै २०२१ रोजी टोकियोच्या अंतिम शर्यतीत ती पहिल्यापासून पुढे होती. मागे कोलंबियाची मारियाना पाहोन, म्हणजे २०१२ आणि २०१६ अशा लागोपाठच्या दोन ऑलिंपिकची विजेती. जिच्या नावाचा ट्रॅक तिच्या मेडेयीन शहरात आहे. शेवटच्या सरळ पट्ट्यात पाहोनने अंतर कापत आणले. बेथनीची वेळ ४४.३५८ सेकंद, पाहोनची ४४.४४८. फरक एका सेकंदाच्या दशांशापेक्षाही कमी. शर्यत संपल्यावर बेथनीच्या पायांत इतके गोळे आले होते की तिला उभे राहता येईना. थोड्याच वेळापूर्वी पुरुषांच्या शर्यतीत रौप्यपदक मिळवलेला तिचा देशबंधू काय व्हाइट धावत आला आणि त्याने तिला उचलून घेतले. करोनामुळे प्रेक्षकांच्या खुर्च्या रिकाम्या होत्या. ज्यांनी वर्गणी दिली ते सगळे घरी बसून बघत होते.

ही कथा इथपर्यंत सांगून ‘पाहा, सरकारी बाबूंची कशी जिरली’ असे म्हणणे सोपे आहे, आणि बहुतेकांनी तसे म्हटलेही. मला ते पटत नाही. दुसऱ्या बाजूच्या टेबलावर मी बसलेलो आहे. अर्ज शंभर असतात आणि पैसा तीसांपुरता असतो. कोणाला तरी नाही म्हणावेच लागते. ब्रिटनचेच बघा. १९९६च्या अटलांटा ऑलिंपिकमध्ये या देशाला अवघे एक सुवर्ण मिळाले आणि पदकतक्त्यात तो ३६वा आला. १९९७पासून लॉटरीचा पैसा खेळांकडे वळवला गेला. पुढे ‘तडजोड नाही’ असे धोरण आले: जिथे पदकाची शक्यता तिथेच पैसा. २००८ साली सुवर्णपदके १९ झाली, २०१६ साली २७, आणि पदकतक्त्यात चीनला मागे टाकून ब्रिटन दुसरा आला. इतका चोख परतावा मिळालेले धोरण मूर्खपणाचे आहे असे कोणत्या तोंडाने म्हणायचे? पुरुषांवर घातलेला पैसाही वाया गेला नाही. रौप्यपदक आलेच की.

तरीही त्या धोरणात एक भोक आहे, आणि ते बँकेत काम केलेल्या माणसाला चटकन दिसते. मागचे तीन ताळेबंद बघून कर्ज देणारी शाखा सुरक्षित असते, तिची थकबाकी कमी असते, वरिष्ठांची शाबासकीही तिला मिळते. पण तिच्या वहीत नवे खाते उघडत नाही. ज्याच्याकडे तारण आहे त्याला कर्ज मिळते. म्हणजे ज्याला कमी गरज आहे त्याला आधी मिळते. आमच्या पिढीतले काही जुने मॅनेजर मात्र एक गोष्ट कटाक्षाने करीत. शंभरातली नव्वद प्रकरणे ते नियमाने तपासत आणि दहा प्रकरणांत माणूस बघत. तो कामाला किती वाजता लागतो, बायको हिशेब ठेवते का, उधारी कोणाची बुडवली आहे का. या दहांतली दोन-तीन बुडत. उरलेल्यांनी गावाचा बाजार उभा केला. बेथनी श्रीव्हर हे त्या दहांतले प्रकरण होते. तिच्याकडे तारण नव्हते. कनिष्ठ जगज्जेतेपदाचा कागद आणि रोजची हजेरी एवढेच होते. संस्थेने नियम बघितला, लोकांनी मुलगी बघितली. दोन्ही गोष्टी लागतात, एवढेच माझे म्हणणे आहे.

लोकवर्गणीची ही गोष्ट मराठी माणसाला खाशाबा जाधवांची आठवण करून देते. १९५२च्या हेलसिंकी ऑलिंपिकला जाण्यासाठी त्यांना गावाने पैसे जमवून दिले आणि कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचे घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले. खाशाबा ब्राँझपदक घेऊन परतले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. कुस्ती कुठे आणि वीस इंची सायकल कुठे! मधे सत्तर वर्षांचे अंतर, एक देश गरीब आणि दुसरा श्रीमंत. पण पदकाआधीचा पैसा दोन्हीकडे सारख्याच हातांतून आला, हे लक्षात घ्यावे.

आता जिंकल्यानंतरचे बघू. टोकियोनंतर महिनाभरात नेदरलँड्समध्ये बेथनी जगज्जेती झाली, २०२२च्या नववर्षाच्या सन्मानयादीत तिला एमबीई हा किताब मिळाला, २०२३ साली ग्लासगोत तिने पुन्हा जगज्जेतेपद जिंकले. जिला पूर्वी स्वतःहून लोकांकडे जावे लागत होते, तिच्याकडे आता प्रायोजक येऊ लागले. त्यात वावगे काही नाही. पण २०२४च्या पॅरिस ऑलिंपिकआधी तिचे गळपट्टीचे हाड मोडले. त्यातून उठून ती पॅरिसला गेली, अंतिम फेरीपर्यंतच्या सगळ्या शर्यती जिंकली आणि अंतिम शर्यतीत आठांत आठवी आली. या खेळात असे होते. फाटकातून निघताना अर्धे चाक मागे पडले की पुढे जागाच मिळत नाही.

या गळपट्टीच्या हाडावर मला थोडे थांबायचे आहे. बीएमएक्स खेळाडूच्या जमाखर्चात ही बाजू कोणी नीट लिहीत नाही. २०१६ साली रिओत सुवर्णपदक जिंकलेला अमेरिकेचा कॉनर फील्ड्स टोकियोच्या उपांत्य फेरीत पडला. मेंदूत रक्तस्राव झाला, बरगडी मोडली, फुप्फुसाला मार लागला. तो बरा झाला, पण त्याची स्पर्धात्मक कारकीर्द तिथेच संपली. लंडन ऑलिंपिकमध्ये रौप्यपदक मिळवणारा ऑस्ट्रेलियाचा सॅम विलोबी सप्टेंबर २०१६मध्ये सराव करताना मानेवर पडला आणि त्याचे शरीर लुळे पडले. त्याची तेव्हाची वाग्दत्त वधू अलीस पोस्ट महिनाभरापूर्वीच रिओत रौप्यपदक जिंकली होती. पुढे त्याने चाकाच्या खुर्चीतून तिचे प्रशिक्षकपद सांभाळले आणि २०१७ व २०१९ साली ती जगज्जेती झाली. ऑस्ट्रेलियाचाच काय साकाकिबारा फेब्रुवारी २०२०मध्ये बाथर्स्टच्या शर्यतीत पडला, कित्येक आठवडे बेशुद्ध होता. बोलणे-चालणे त्याला पुन्हा पहिल्यापासून शिकावे लागले. त्याची धाकटी बहीण साया टोकियोच्या उपांत्य फेरीत स्वतः पडली. तरी तिने सायकल सोडली नाही आणि २०२४ साली पॅरिसमध्ये तिने सुवर्णपदक जिंकले, तेव्हा भाऊ बघायला हजर होता.

या घरांचा विचार करा. जर्सीवर ज्यांची नावे असतात त्यांचा करार ठराविक मुदतीचा असतो. घरच्यांच्या कराराला मुदत नसते. खेळाडू बिछान्याला खिळला की उशाशी आई, बहीण, होणारी बायको बसते. बँकेच्या भाषेत सांगायचे तर प्रायोजक हा ठेवीदार आहे, मुदत संपली की पैसे काढून घेणारा. जामीनदार कुटुंब असते, आणि वसुली शेवटी जामीनदाराकडूनच होते. म्हणून एखाद्या मुलाला किंवा मुलीला असा पेशा धरायचा असेल तेव्हा घरच्यांनी पदकांच्या गप्पा मारण्याआधी विमा, उपचार आणि दुखापतीनंतरची दोन वर्षे यांची चर्चा करावी. ती अशुभ चर्चा नाही. घराचे कर्ज काढताना आपण आयुर्विमा काढतोच ना?

प्रायोजकांकडूनही दोन गोष्टी मागाव्यात असे मला वाटते. पहिली, करारात दुखापतीचे कलम असावे. खेळाडू पडला म्हणून त्याच महिन्यापासून मानधन बंद होऊ नये. दुसरी, पदकविजेत्यांच्या पोस्टरवर शंभर रुपये खर्च करणाऱ्याने त्यातले दहा अशा पोरांवर लावावेत, ज्यांचे नाव अजून कोणाला माहीत नाही. यातला बराच पैसा बुडेल. बुडू द्या. प्रत्येक धंद्यात बुडीत खात्यासाठी तरतूद करतात. खेळातच एकही पैसा बुडता कामा नये असा हट्ट का? तीच गोष्ट सरकारी निधीची. नव्वद टक्के पैसा नियमाने वाटा, पण दहा टक्के तरी एखाद्या जाणत्या प्रशिक्षकाच्या नजरेवर सोडा, आणि तो चुकला तर त्याची चौकशी लावू नका.

राहता राहिले आपण, म्हणजे वर्तमानपत्र वाचणारे सामान्य लोक. बेथनीला ज्यांनी दहा-वीस पौंड दिले त्यांना व्याज मिळाले नाही, मुद्दल परत आले नाही, पोस्टरवर नावही छापले गेले नाही. टोकियोत ती पहिली आली तेव्हा त्यांचा पैसा वाढला नाही आणि पॅरिसला आठवी आली तेव्हा घटला नाही. एका कष्टाळू मुलीला तिकिटाच्या काळजीशिवाय शर्यतीच्या फाटकापाशी उभे राहता यावे, यासाठी त्यांनी तो दिला होता, आणि ती उभी राहिली त्याच दिवशी तो फिटला. आपल्या दारातही अधूनमधून एखादी मुलगी पावतीपुस्तक घेऊन येते. कुठल्या तरी राज्यस्तरीय स्पर्धेला जायचे असते, खेळाचे नावही आपल्याला धड कळत नाही. तिला पदकांची यादी विचारू नये. रोज सरावाला किती वाजता जातेस, एवढे विचारावे आणि उत्तर ऐकून पावती फाडायला सांगावी.